कोण मोठा? – गामा, अली आणि दाराबाहेर राहिलेले

आपल्या गोव्यात चार माणसे जमली आणि त्यातला एक चाळिशी ओलांडलेला असला, की एक खेळ हमखास सुरू होतो. आजचा गोलकीपर दाखवला की तो म्हणतो, "तुम्ही ब्रह्मानंद शंखवाळकरांना पाहिले नाही." आजची गायिका ऐकवली की केसरबाईंचे नाव निघते. कोणी किशोरीताईंचे नाव घेतले तर तिसरा मोगूबाईंकडे जातो, आणि मग त्या रात्री जेवण थंड होणार हे घरातल्या बायकांना कळून चुकते. धिर्योवर १९९६ साली उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी अमक्या वाड्यावरचा बैल मोठा की तमक्या भाटकाराचा, हा वाद काही बंद झालेला नाही. हे बैल एकमेकांसमोर कधी आलेच नव्हते, ही बाब वादाच्या आड येत नाही. उलट त्यामुळेच वाद टिकतो.

दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या लग्नकार्यासाठी सुरतेला जाणे झाले. सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, फार तर हिरे आणि साड्या. पण उधना, लिंबायत, दिंडोली या भागांतून फिरलात तर कानावर सतत मराठी पडते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे तापीकाठच्या रेल्वेने आली आणि यंत्रमागांवर राहिली. महापालिकेच्या मराठी शाळाही तिथे आहेत. अशाच एका चहाच्या लारीवर बाजूच्या बाकावर वाद रंगला होता. एक सत्तरीचे गृहस्थ, कान मोडलेले, म्हणजे तरुणपणी तालमीत गेलेले. आणि समोर मोबाईल धरलेला विशीतला मुलगा. मुलगा म्हणत होता, "आबा, टायसनचा एक ठोसा बसला असता तर तुमचा गामा उठला नसता." आबा शांतपणे म्हणाले, "पोरा, ठोसा मारायला हात मोकळा लागतो. गामाने हात धरला की तो मोकळा राहत नव्हता." लारीवाल्यासकट सगळे हसले आणि वाद तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. त्या दोघांनी मजेत केले तेच जगभर मोठ्या गांभीर्याने, पैसे लावून आणि यंत्रे वापरून केले गेले आहे. ते कसे करावे आणि कसे करू नये, याबद्दल मला थोडे बोलायचे आहे.

धावपटूंची तुलना सोपी. घड्याळ आहे. १९३६ चा माणूस शंभर मीटर किती सेकंदांत धावला ते कागदावर आहे, आजचा किती सेकंदांत धावतो तेही आहे. मग बूट, धावपट्टी वगैरे विचारात घेऊन भांडत बसा. कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांचे तसे नाही. तिथे मोजमाप म्हणजे समोरचा माणूस. पैलवान किती मोठा हे त्याने कोणाला चितपट केले यावर ठरते, आणि तो कोणी किती मोठा होता हे त्याने कोणाला केले यावर. एका पिढीची साखळी दुसऱ्या पिढीच्या साखळीला जोडायला बहुतेक वेळा एकच कडी मिळते आणि ती गंजलेली असते. रॉकी मार्सियानोने जो लुईला १९५१ साली हरवले हे खरे. पण तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, निवृत्तीतून कर फेडण्यासाठी परत आलेला. त्या निकालावरून मार्सियानो लुईपेक्षा मोठा ठरतो का? ज्यांनी तो सामना पाहिला त्यांनाही तसे म्हणवले नाही.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत एकाने चक्क संगणकाला न्यायाधीश केले. मरी वोरोनर नावाचा मायामीचा रेडिओ निर्माता. १९६७ साली त्याने सोळा हेवीवेट विजेत्यांची माहिती एनसीआर ३१५ या संगणकात घातली, आणि कोण कोणाला हरवेल याची एक काल्पनिक स्पर्धाच रेडिओवर लावली. लोकांनी कान लावून ऐकली. त्यात महंमद अली जेम्स जेफ्रीजकडून हरला. मार्सियानोने अंतिम सामन्यात जॅक डेम्प्सीला हरवले. अलीने बदनामी झाली म्हणून दहा लाख डॉलर्सचा दावा लावला. शेवटी तडजोड अशी झाली की अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर खोटे खोटे लढायचे, सगळ्या शक्यता चित्रित करायच्या आणि निकाल संगणकाने द्यायचा. १९६९ मध्ये चित्रण झाले. मार्सियानो तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्याने वजन उतरवले, टकलावर केसांचा टोप चढवला. अलीवर व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याबद्दल बंदी होती, खऱ्या रिंगणात त्याला कोणी उभे करत नव्हते. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी मार्सियानो विमान अपघातात गेला. निकाल काय लागला हे त्याला कधी कळले नाही.

२० जानेवारी १९७० रोजी चित्रपटगृहांतून तो 'सामना' दाखवला गेला. तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला पाडले. पण युरोपसाठी वेगळा शेवट होता. तिकडे अली जिंकला! म्हणजे संगणक गिऱ्हाईक पाहून निकाल देत होता. तो संगणक अलाबामात बनवला असावा, असा टोमणा अलीने नंतर मारला. वर्णद्वेषासाठी बदनाम झालेले ते राज्य.

त्या टोमण्यात विनोदापेक्षा जास्त काही आहे. १९६७ च्या स्पर्धेत अलीला हरवणारा जेफ्रीज कोण? १८९९ ते १९०५ जगज्जेता असताना ज्याने एकाही काळ्या आव्हानवीराला किताबासाठी समोर येऊ दिले नाही, तोच. खऱ्या आयुष्यात जेफ्रीजने विजेता म्हणून अलीला दारातूनच परत पाठवले असते. यंत्राने त्याला आत घेतले आणि हरवून बाहेर काढले. यंत्रात जेफ्रीजचा ठोसा होता, अलीची चपळाई होती. पण ते दार नव्हते. मला वाटते, या साऱ्या तुलनेतली खरी चूक इथे आहे.

मी सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवणारा माणूस. आमच्याकडे एक साधा दंडक आहे. जुनी फाईल उघडायची वेळ आली तर ती ज्या तारखेची, त्या तारखेचा नियम लावायचा. आज फी पाचशे असली म्हणून ऐंशी सालच्या अर्जदाराने पाच रुपये भरले याला थकबाकी म्हणता येत नाही. मुष्टियुद्धाला हा दंडक लावून पाहा. १९१५ साली हवानात जॅक जॉन्सन आणि जेस विलर्ड यांचा सामना ४५ फेऱ्यांचा ठरलेला होता. जॉन्सन उन्हात २६ व्या फेरीत पडला. पुढे पंधरा फेऱ्यांचा दंडक आला. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू सामन्यातल्या दुखापतीने गेला आणि त्यानंतर बारा फेऱ्या झाल्या. बारा फेऱ्यांसाठी घडवलेले शरीर आणि पंचेचाळीससाठी घडवलेले शरीर एक नव्हे. पहिल्याला वेग साठवायचा असतो, दुसऱ्याला श्वास.

वजनाचेही तसेच. मार्सियानो रिंगणात उतरायचा तो साधारण ८४ किलोंचा. आजच्या वर्गवारीत ९०.७ किलोंपर्यंतचा माणूस क्रूझरवेट. म्हणजे ४९ पैकी ४९ सामने जिंकून निवृत्त झालेला हा हेवीवेट आज हेवीवेटच ठरला नसता. टायसन फ्युरी पावणेसात फुटांचा, वजन सव्वाशे किलोंच्या आसपास किंवा वर. यावरून मोबाईलवाली मंडळी म्हणतात, संपला विषय, आजचेच मोठे. पण १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये सहा फूट तीन इंचांच्या ओलेक्सांद्र उसिकने त्याच फ्युरीला हरवले. दोघांच्या वजनात जवळजवळ १७-१८ किलोंचा फरक होता. उंची-वजनाने सगळे ठरत असते तर तराजूवरच पदक देऊन टाकता आले असते.

आता 'जुने ते सोने' वाल्यांकडे वळू, कारण माझी सहानुभूती तिकडे असली तरी त्यांच्या फायलीत भर घातलेली पाने जास्त. सुरतेहून बडोदा रेल्वेने जेमतेम दोन तासांवर. तिथल्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक दगड आहे. १९०२ साली गामाने तो उचलला असे सांगतात, आणि त्याचे वजन १२०० किलो असल्याचे सगळीकडे छापून येते. आता विचार करा. आजच्या जगातले सर्वांत बलवान पुरुष, खास पोलादी दांडा, पकडीसाठी पट्टे, सगळे वापरून, जमिनीवरून उचलतात ते वजन ५०० किलोंच्या थोडे वर आहे. चोवीस वर्षांच्या, पाच फूट सात-आठ इंचांच्या गामाने त्याच्या दुपटीहून जास्त वजनाचा, धरायला दांडा नसलेला दगड उचलला? एक कड उचलली असेल, कलता केला असेल, हलवला असेल. तेही काही कमी नव्हे. पण आपण गामाला मोठे करण्यासाठी दगडाला मोठे करतो, आणि त्यात खरा गामा झाकला जातो.

कारण खरा गामा पुरेसा मोठा आहे. गुलाम महंमद बक्ष बट हे त्याचे नाव. १९१० साली तो लंडनला गेला तेव्हा उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेतले नाही. त्याने आव्हानच दिले, या कोणीही. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्याने दोनदा पाडले. पहिल्या वेळी दोन मिनिटेही लागली नाहीत. १० सप्टेंबरला पोलंडचा स्टानिस्लाउस झबिस्को समोर आला. वजनाने कितीतरी जास्त. झबिस्को लवकरच खाली गेला आणि पोट जमिनीला लावून चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटण्याचा प्रयत्न करत होता! कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. १७ सप्टेंबरला पुन्हा जोड ठरली, झबिस्को आलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भेटले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. या वेळी गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. पतियाळा लक्षात राहते, कारण निकाल लागला. मला लंडन मोठे वाटते. अडीच तास निकाल न लागताही जो थांबला नाही, त्याचा दम तिथे दिसतो.

पण गामाच्या फायलीत दोन पाने कोरी आहेत. फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट हे तेव्हाचे पाश्चात्त्य जगातले सर्वांत मोठे मल्ल. गामाने त्यांना आव्हान दिले होते. त्या कुस्त्या झाल्या नाहीत. हॅकेनश्मिट आणि गॉच एकमेकांशी १९०८ आणि १९११ मध्ये लढले, त्या कुस्त्या इतिहासात 'जगज्जेतेपदाच्या' म्हणून नोंदल्या गेल्या. ज्याच्याशी कुस्ती झालीच नाही त्या माणसाचे नाव 'जागतिक' यादीत कुठे लिहिणार? मग आपण ते दगडावर कोरतो.

त्याच १९१० च्या ४ जुलैला, गामा लंडनमध्ये जोड मागत होता त्याच सुमारास, अमेरिकेत रिनो गावी जॅक जॉन्सनने जेफ्रीजला हरवले. जॉन्सन पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. १९०८ साली सिडनीत त्याने टॉमी बर्न्सला हरवून किताब घेतला होता. त्याला खाली आणण्यासाठी निवृत्त जेफ्रीजला शेतातून उठवून आणले होते. जेफ्रीज हरला तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसे मेली. पुढे अशा सामन्यांचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर १९१२ साली कायद्याने बंदी आली. १९१५ मध्ये जॉन्सन हरला आणि त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईपर्यंत, बावीस वर्षे, एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला हेवीवेट किताबासाठी लढू दिले नाही.

या बावीस वर्षांतले सर्वांत झगमगते नाव जॅक डेम्प्सी, १९१९ ते १९२६. जुन्या याद्यांत तो पहिल्या तीनात असायचा. त्याच काळात हॅरी विल्स हा काळा आव्हानवीर वर्षानुवर्षे त्याच्या नावाने थांबून राहिला. करारांची बोलणी झाली, कागद झाले, सामना झाला नाही. विल्स आणि सॅम लँगफर्ड यांना पोटासाठी एकमेकांशीच पंधराहून अधिक वेळा लढावे लागले, कारण दुसरे कोणी समोर येत नव्हते. आता सांगा, डेम्प्सी आणि अली यांची तुलना करताना कोणते आकडे घालायचे? डेम्प्सीच्या नावापुढे विजय आहेत, पण त्या विजयांची किंमत कोण आत आले यावर जितकी ठरते, तितकीच कोण बाहेर राहिले यावरही ठरते. आमच्या भाषेत सांगायचे तर ज्याचा अर्ज दाखलच करून घेतला नाही, त्याला 'नापास' म्हणता येत नाही. आणि ज्याने अर्ज घेतले नाहीत, त्याला 'सर्वांत पुढे' म्हणताना हात आखडला पाहिजे.

एवढे म्हणून जॉन्सनला देव्हाऱ्यात बसवावे तर तेही जमत नाही. स्वतः जगज्जेता झाल्यावर त्याने लँगफर्ड, जो जेनेट यांना किताबाची संधी दिली नाही. गोऱ्यांशी लढण्यात पैसा जास्त होता. विजेतेपदाच्या पूर्ण काळात एकाच काळ्या आव्हानवीराशी तो लढला, १९१३ साली पॅरिसमध्ये. स्वतः दार फोडून आत आलेला माणूस मागून ते ओढून घेतो, हे काही फक्त मुष्टियुद्धात घडत नाही. आपल्या कचेऱ्यांत, साहित्य संमेलनांत, नाटकमंडळ्यांत पाहून घ्या.

दाराची ही गोष्ट परकी वाटत असेल तर पुन्हा बडोद्याला येऊ. मे १९५४. हमीदा बानू ही उत्तर प्रदेशातली पैलवान बाई बडोद्याच्या आखाड्यात उतरली. मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असे तिने जाहीर केले होते आणि पतियाळा व कलकत्ता इथल्या पैलवानांना हरवून ती आली होती. ठरलेला जोडीदार छोटा गामा ऐनवेळी मागे सरला. बाईशी कुस्ती धरणार नाही म्हणाला. मग बाबा पैलवान आला. एक मिनिट चौतीस सेकंदांत तो चीत झाला. ज्या शहरात गामाचा दगड जपून ठेवला आहे, त्याच शहरातली ही गोष्ट. त्या कुस्तीची आठवण म्हणून कोणी काही जपून ठेवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि आपण मराठी माणसांनी काय केले? कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात तिने एका पुरुष पैलवानाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड फेकले, पोलिसांना मध्ये पडावे लागले. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका कुस्तीला स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि ती रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले की बंदी ती बाई आहे म्हणून नाही. अशा कुस्त्यांत बुजगावणी उभी करतात अशा तक्रारी आल्या आहेत. तिच्या काही कुस्त्या नूरा असतीलही, तेव्हाच्या वर्तमानपत्रांनीही शंका घेतल्या होत्या. पण नूरा कुस्त्या पुरुषांच्याही होत होत्या. दारासिंग आणि किंगकाँग यांचे फड आपल्या वडिलांच्या पिढीने डोळे भरून पाहिले, तिथे कोणी संघटना हरकत घ्यायला गेली नाही. शंका असेल तर उपाय एकच होता, खरा पैलवान समोर उभा करणे. ते झाले नाही. हमीदाबाई पुढे कल्याणला राहिल्या, दूध आणि खाण्याचे पदार्थ विकून गुजराण केली आणि १९८६ मध्ये गेल्या. पहिली महिला महाराष्ट्र केसरी प्रतीक्षा बागडी सांगलीत ठरली, २०२३ साली. मधली जवळजवळ सत्तर वर्षे कोणत्या तुलनेत धरणार?

दार नेहमी जातीचे, रंगाचे किंवा बाईपणाचेच असते असे नाही. कधी ते पैशाचे असते. गामाला दतिया आणि पतियाळाचे संस्थानिक होते. कोल्हापुरात शाहू महाराज होते, त्यांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ पासून उभे आहे. संस्थाने गेल्यावर खुराक कोणी द्यायचा? खाशाबा जाधव हेवीवेट नव्हेत, ५७ किलोंच्या गटातले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. लाल मातीत वाढलेला माणूस गादीवर लढला. १९५२ च्या हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. समजा खर्डेकरांकडे गहाण ठेवायला घर नसते? मग खाशाबा म्हणजे 'कऱ्हाडकडचा एक चपळ पैलवान' एवढीच आठवण गोळेश्वरच्या पारावर उरली असती आणि आपण त्यांची कोणाशीही तुलना केली नसती. असे किती खाशाबा पारावरच राहिले असतील?

कोल्हापूरच्या जुन्या शौकिनांत अजून वाद चालतो, गणपतराव आंदळकर मोठे की मारुती माने. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. हा वाद मला आवडतो, कारण त्याला पाया आहे. दोघे एकाच काळातले, एकाच मातीतले, दोघेही गादीवर जाऊन परदेशी मल्लांशी लढले आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतून दोघांनीही सुवर्ण आणि रौप्य आणले. इथे जे मोजायचे ते मोजता येते. त्यांच्या आधी १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले श्रीपती खंचनाळे, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. पण याच तिघांना आजच्या महाराष्ट्र केसरीशी तोलायला गेलो की काटा हलतो. तेव्हा निकाल म्हणजे पाठ मातीला लागणे. आज घड्याळ आणि गुण. तेव्हा अर्धा तास दम धरून समोरच्याला थकवणे हा डाव होता. आज तो वेळकाढूपणा ठरून गुण जातात.

मग तुलना करूच नये का? मी तसे म्हणत नाही. तुलना बंद केली तर आठवणही बंद होते. नातवाने आजोबांना 'टायसन मोठा' म्हणून डिवचले नाही तर गामाचे नाव तरी त्याच्या कानावर कसे पडणार? केसरबाईंची अख्खी मैफल आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली नाही, तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरच आपण भांडतो. तरी त्या भांडणामुळेच तबकडी पुन्हा लावली जाते. फक्त भांडताना तीन प्रश्न विचारावेत एवढेच माझे म्हणणे. याच्या काळाचा नियम काय होता? त्या नियमात जे सर्वांत कठीण जोडीदार होते, त्यांना याने शोधले की टाळले? आणि त्या वेळी दाराबाहेर कोण उभे होते?

या मापाने मी माझी यादी सांगून टाकतो, पटली नाही तर भांडा. जो लुई डेम्प्सीच्या पुढे. जवळजवळ बारा वर्षांत त्याने पंचवीस वेळा किताब राखला आणि गोरे, काळे, जे आले त्यांना रिंगणात घेतले. अली मार्सियानोच्या पुढे. मार्सियानो हरला नाही हे खरे, पण त्याच्या सर्वांत मोठ्या विजयांत समोरची माणसे उताराला लागलेली होती. अली हरला, तोंड फुटून हरला. पण लिस्टन, फ्रेझियर, नॉर्टन, फोरमन यांपैकी एकालाही त्याने चुकवले नाही, आणि उमेदीची साडेतीन वर्षे बंदीत गेल्यावर १९७४ साली किन्शासात फोरमनला पाडून किताब परत आणला. न हरण्यापेक्षा कोणालाही न टाळणे मला मोठे वाटते. गामा याच पंगतीत, पहिल्या पाटावर. दगडासाठी नव्हे, परक्या शहरात, परक्या नियमांत, 'या कोणीही' म्हणून उभा राहिला त्यासाठी.

आणि यादीच्या शेवटी मी काही जागा मोकळ्या ठेवतो. हॅरी विल्स. सॅम लँगफर्ड. हमीदा बानू. यांचा क्रमांक कितवा हे मला ठरवता येत नाही, कारण ठरवण्याची संधीच त्यांना दिली गेली नाही. पण त्यांची नावे लिहिल्याशिवाय वरचे क्रमांक खरे ठरत नाहीत. पुढच्या वेळी कोणी 'सर्वकाळातले दहा श्रेष्ठ' अशी यादी तुमच्या हातात ठेवली, तर ती जरूर वाचा, वादही घाला. फक्त अकरावे नाव कोणाचे असते, आणि ते का नाही, एवढे विचारायला विसरू नका.